आतून धरलेला पत्रा

१

जुन्या फर्निचरच्या धंद्यात शेठनी सगळी उमर घालवली होती. गिऱ्हाईक मूर्ख नसतं, ते नुसतं थकलेलं असतं, आणि थकलेल्या माणसाच्या गळ्यात काहीही मारता येतं, हे ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते, गल्ल्यावर बसून शिकले होते. गाडीचे पत्रे शोधायला लागल्यापासून मात्र त्यांना रोज वाटायचं, की या खेपेला ते थकलेलं गिऱ्हाईक आपणच आहोत.

सकाळी दुकान उघडायचं, कपाटांवरून फडकं फिरवायचं, आणि पहिल्या चहाबरोबर फोन सुरू. डाव्या बाजूचा मागचा कोपरा हवा, असं शेठ सांगत. पलीकडचा म्हणे, उजवा आहे. उजवा नको म्हटलं, तर म्हणे, घेऊन ठेवा, कधीतरी लागेलच. दुसऱ्याने फोटो पाठवला, तो इतका अंधुक, की हा पत्रा आहे की म्हशीची पाठ हे शेठना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तिसरा शपथेवर सांगत होता की मॉडेल अगदी तेच आहे, फक्त खिडकी जरा पुढे आहे.

"खिडकी म्हणजे काय शर्टाचं बटण आहे? उसवून मागे लावू?" शेठ विचारत, आणि फोन आपटून ठेवत.

गाडी होती बाबांची. जुनी कॅम्पर व्हॅन. आत घडीचा पलंग, एवढंसं बेसिन, पिवळे पडदे. शेठ लहान असताना बाबा, आई आणि ते, तिघं जण सुट्टी लागली की तिच्यात बिऱ्हाड टाकून निघत. आई गेली, आणि गाडी दुकानामागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. खालचा अर्धा भाग गंजाने खाल्ला. बोट दाबलं तर आरपार जाई. शेठची बायको तिला डबडं म्हणे, आणि खरं म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं.

पण त्या डबड्यात बाबा बोलायचे. घरात ते दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसत. मुलगा समोर आला तर पोस्टमनकडे बघावं तसं बघत. त्यांना हाताला धरून शेडमध्ये नेलं, गाडीतल्या सीटवर बसवलं, की मात्र थोड्या वेळाने मान वर होई आणि आवाज येई, "ढब्बू, नकाशा नीट धर. उलटा धरलायस."

शेठचं पोट लहानपणापासून सुटलेलं होतं. ढब्बू म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते एकाच सीटवर बसून म्हणत होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, की ओळखीच्या गोष्टींत ठेवा. गाडी कोसळली, तर ढब्बू म्हणणारं कोणी राहणार नव्हतं. म्हणून ही पत्र्यांची यातायात.

२

डेंटर हा माणूस पत्र्यातला जाणकार, पण बोलायला महाकठीण. सगळे त्याला उस्ताद म्हणत. आयुष्यभर हातोडी मारून कान जायला आले होते, ते उरलेले वाचवायला तो कामाच्या वेळी कापसाचे बोळे घाली. त्यामुळे त्याला काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि तो उत्तर द्यायचा तेही ओरडूनच. शेजारच्यांना वाटे, शेडमध्ये रोज भांडण चाललंय.

उस्तादने तीन रस्ते सांगितले. एक, हाताने नवीन पत्रा घडवायचा. तेवढी ताकद आता खांद्यात नाही, असं सांगून तो रस्ता त्याने स्वतःच बंद केला. दोन, जुन्या नमुन्यावरून आज कारखान्यात काढलेला नवा पत्रा. सहज मिळतो, पण पातळ, आणि कुठेच बसत नाही. तीन, त्याच मॉडेलची भंगारात गेलेली गाडी शोधून तिचा अस्सल पत्रा कापून आणायचा.

नवा घ्या आणि मोकळे व्हा, असं बायकोचं मत पडलं. शेठनी ते ऐकूनही घेतलं नाही. नकली माल त्यांनी दुकानात कधी उभा केला नव्हता, मग बापाच्या गाडीला लावतील का?

शेवटी पुलापलीकडच्या भंगारवाल्याकडे डावा मागचा कोपरा निघाला. जाड, जड, अस्सल. उस्तादने तो उलटासुलटा करून पाहिला आणि बजावलं, की जुना असला तरी दुसऱ्या गाडीचा आहे; कापावा लागेल, ताणावा लागेल, आठवडाभर जाईल, मागे लागायचं नाही.

शेठना हे शिकवायची गरज नव्हती. एका गिऱ्हाइकाने त्यांच्याकडून एकाच सुताराची, एकाच लाकडाची जोडीची कपाटं नेली होती. हमालांनी घरी पोचवताना दारांची अदलाबदल केली, तर एकही दार लागेना. शेठना स्वतः रंधा घेऊन जावं लागलं होतं. ज्या अंगाचं दार, त्याच अंगाला लागतं.

उस्तादने पत्रा उचलून जागेवर नुसता धरून पाहिला.

तो बसला. कड कडेला लागली, भोक भोकासमोर आलं. उस्तादने हात काढून घेतले तरी पत्रा पडला नाही.

कोणीही खूश व्हावं, पण उस्तादचं तोंड कडू झालं. त्याने पत्रा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग कानातला बोळा काढून, एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "शेठ, असं होत नसतं."

"झालंय ना पण? मग लावा," शेठ वैतागून म्हणाले. इतके महिने काही जुळत नव्हतं म्हणून डोकं पिकलं होतं, आता जुळलं तर याचं निराळंच रडगाणं.

३

दुसरा तुकडा, डाव्या बाजूचा खालचा लांब पत्रा, भलत्याच शहरातल्या भलत्याच भंगारवाल्याकडून ट्रकने आला. तोही तसाच बसला. 

रंग खरवडायला घेतला तेव्हा वरच्या पांढऱ्याखाली शेवाळी रंग निघाला. दोन्ही तुकड्यांवर तोच. शेवाळी रंगावर एक नारिंगी रेघ होती, कुणीतरी ब्रश घेऊन हौसेने मारलेली. मारणाऱ्याचा हात मध्येच हलला असावा, कारण कोपऱ्याच्या पत्र्यावर ती रेघ जरा वर उसळली होती आणि उसळी पूर्ण व्हायच्या आत पत्र्याची कड आली होती. उरलेली उसळी लांब पत्र्यावर होती. सांधा ओलांडून रेघ सरळ पुढे गेली होती.

शेठनी दोन्ही भंगारवाल्यांना फोन लावला. दोघांनी एकमेकांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. गाडी कुणाची, कुठून आली, विचारल्यावर दुसरा तर उखडलाच. म्हणाला, "शेठ, माल घ्या. त्याचा जन्मदाखला मागू नका."

शेठनी स्वतःची समजूत घातली. असं होतं. एखाद्या घरात वाटण्या होतात, सोफ्याचा संच चार भावांत फुटतो, आणि वर्षांनी त्याच्या खुर्च्या एकाच दुकानात येऊन उभ्या राहतात. त्यांच्या दुकानात हे घडलेलं होतं. एकदाच घडलं होतं ही गोष्ट वेगळी. आणि इथे तिसरा तुकडा आला, उजव्या बाजूचा, तिसऱ्याच माणसाकडून, तेव्हा त्याच्यावरही ती रेघ होतीच.

इकडे बाबांच्यात सुधारणा दिसू लागली. पूर्वी एखादं वाक्य बोलत, ते आता तासभर बोलू लागले. तळ्याकाठी गाडी लावली होती ती आठवते का, असं विचारत. पहाटे तळ्यावर धुकं होतं, शेवाळी पडदे ओले झाले होते, आणि लंबू बाहेर जाऊन उभा राहिला होता, हाका मारल्या तरी येईना. असं सगळं रंगवून सांगत. चमचा स्वतःच्या हाताने धरू लागले. शेठची बायको हरखून गेली. डबडं म्हणायचंही तिने सोडलं.

शेठना मात्र त्यातलं काहीच आठवत नसे. ते कधी कुठल्या तळ्याकाठी गेले नव्हते. पडदे नेहमी पिवळेच होते. आणि बाबांना मूल एकच, तेही ढब्बू.

"कोण लंबू, बाबा?" त्यांनी एकदा विचारलं.

बाबांनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. काय हा प्रश्न, असं. मग मान वळवून, गाडीच्या मागच्या बाजूला, नव्याने लावलेल्या कोपऱ्याकडे बघून हसले.

बायको म्हणाली, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात इकडचं तिकडे होतं, त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे? बोलतात हे काय कमी आहे? तिचं बरोबर होतं. तिचं नेहमी बरोबर असे, आणि त्या दिवसांत शेठना त्याचाच जास्त वैताग यायचा.

४

पत्रा ठोकण्याची एक रीत असते. बाहेरून हातोडी मारायची तर आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरावा लागतो. ठोकळा नसेल तर पत्रा मार खाऊन आत जातो आणि पोकळ वाजतो, ढब्. ठोकळा बरोबर हातोडीसमोर असेल तर नेमका आवाज येतो, ठक्. उस्तादचा हात सगळीकडे पोचत नसे, म्हणून मोठ्या पत्र्याला आत कोणीतरी बसून ठोकळा धरायचा, आणि बाहेर हातोडी सरकेल तसा तोही सरकवायचा. सोपं काम नाही. बाहेरच्याची हातोडी दिसत नसते.

एका दुपारी उस्ताद चहा पिताना ओरडून म्हणाला, की म्हाताऱ्यांचा हात अजून पक्का आहे, मानलं पाहिजे. शेठनी विचारलं, कुठल्या म्हाताऱ्यांचा? तर म्हणे, तुमच्या बाबांचा. रोज आतून ठोकळा तेच धरतात. सांगावंही लागत नाही. हातोडी जाईल तिथे आधीच असतात.

 बाबा चमचा धरू लागले होते खरे, पण वाटी धरली की अजून निम्मी सांडायची.

नंतर एकदा बायको बाबांना घेऊन डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेली. शेठनी दोघांना स्वतः रिक्षात बसवलं, बाबांचा पाय आत घेतला. परत दुकानात आले. एक बाई टेबलाचे पाय हलतात अशी तक्रार घेऊन आली होती, तिची समजूत काढत होते. मागून शेडमधून आवाज येत होता. ठक्. ठक्. ठक्.

बोलता बोलता शेठ थांबले. बाई त्यांच्याकडे बघत राहिली.

शेडमध्ये उस्ताद कानात बोळे घालून, तोंडाने गुणगुणत हातोडी मारत होता. शेठनी त्याचा दंड धरला आणि आत कोण आहे ते विचारलं.

"बाबा," उस्ताद म्हणाला.

"बाबा दवाखान्यात आहेत."

उस्तादने बोळा काढला. शेठनी तेच पुन्हा सांगितलं. दोघं मागच्या दारातून आत डोकावले. सीट रिकामी. पलंग घडी केलेला. ठोकळा पत्र्याच्या बुडाशी पडलेला होता. शेठनी उचलला, तो कोमट लागला.

मग शेठमधला व्यापारी जागा झाला. हा उस्ताद कामचुकार आहे. मागे कुठेतरी लोखंडी पट्टी असणार, तिच्यावरच ठोकत बसलाय आणि आपल्याला गोष्टी सांगतोय. त्यांनी ठोकळा बाहेर आणून उस्तादच्या हातात दिला, त्याच्याकडची हातोडी घेतली, आणि पत्र्याच्या अगदी मधोमध मारली.

ठक्.

हातभर डावीकडे मारली. ठक्. खाली. ठक्. एकदम उलट्या टोकाला, चोरासारखी, हळूच मारली.

ढब्, असा आवाज आला. शेठनी सुटकेचा श्वास सोडला, आणि खात्री करायला तिथेच दुसऱ्यांदा मारली.

ठक्.

पहिल्या वेळी ते पोचलं नव्हतं, एवढंच.

५

उरलं होतं फक्त सरकतं दार. ते निवडायची वेळ आली आणि एकाच सकाळी तिन्ही भंगारवाल्यांचे फोन आले. दार सापडलं म्हणे. शेवाळी रंगाचं. महिनोन्महिने डावं मागितलं तर उजवं देणारे लोक. आता न मागता घरपोच द्यायला निघाले होते.

शेठनी तिघांनाही कडक नकार दिला आणि नव्या पत्र्यांच्या दुकानात जाऊन कारखान्यातलं नवं, पातळ, नकली दार घेतलं. दुकानदार स्वतःच म्हणाला, की साहेब, हे जरा कुरकुर करतं, अस्सल मिळालं तर बघा. गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार शेठना जन्मात भेटला नव्हता.

घरी बायकोने आकांडतांडव केलं. सगळी गाडी अस्सल पत्र्याने मढवली, बाबा माणसांत आले, आणि आता दारापाशी कंजुषी? शेठ तिला काय सांगणार होते? आतून कोणीतरी ठोकळा धरतं, म्हणून? एवढंच म्हणाले, की बाकीचे पत्रेही काढणार आहे. हळूहळू सगळे काढणार.

"का?" तिने विचारलं. "बोलतात ते बघवत नाही तुम्हाला?"

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. छान दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. चमचा नीट ठेवून, रुमालाने तोंड पुसून ते सुनेला म्हणाले, "बाई, तुम्ही आमचं फार केलंत. परक्याचं कोणी एवढं करत नाही." मग शेठकडे वळले. "आणि तुम्ही मालक ना इथले? दार कधीपर्यंत होईल? आमची मंडळी खोळंबलीयेत."

अदबीने विचारलं होतं. इतक्या वर्षांत बाबांनी त्यांना अहोजाहो केलेलं नव्हतं.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. नंतर येऊन तिने शेठच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काढा ते पत्रे."

६

नवं दार आलं आणि बसेना. वर टेकलं तर खाली बोटभर फट, खाली दाबलं तर वर. रुळावर ते खरवडत सरके. उस्ताद त्याला, कारखान्याला आणि ते आणणाऱ्याला शिव्या घालत होता. शेठ बाजूला उभे राहून चहा पीत होते. निकृष्ट माल घरात आल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. फटीतून ऊन आत पडलं होतं, आणि ती फट अशीच राहावी असं त्यांना वाटत होतं.

ठरलं असं होतं, की दार निदान अडकवून ठेवायचं, आणि उद्यापासून मागचा कोपरा कापायला घ्यायचा. बाबांना आज शेवटचं गाडीत बसू दिलं होतं. त्यांना उतरवायला शेठ आत चढले. जाताना उस्तादला ओरडून सांगितलं, की थांबा, बाबांना खाली घेतो. उस्तादने मान हलवली. कानात बोळे होते.

बाबा मागच्या सीटवर, एका कडेला अंग चोरून बसले होते. बाकीची सीट मोकळी होती.

शेठ त्यांच्यासमोर वाकले. "चला बाबा, उतरू या," असं म्हणून दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. बाबांनी मान वर केली. डोळे स्वच्छ होते, लहानपणी गाडी सुरू करण्याआधी मागे वळून बघत, तसे.

"ढब्बू," ते म्हणाले. "आलास होय."

 किती दिवसांनी. शेठना बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. ते तिथेच, बाबांच्या शेजारी टेकले. खांद्यांवरचे हात मात्र सोडवेनात.

"तूच तेवढा बाहेर राहिला होतास," बाबा म्हणाले. "बाकी सगळे कधीचे येऊन बसलेत."

मागे दार खरवडत सरकलं. आत अंधारून आलं. फटीतून एक उन्हाची पट्टी आत येत होती, तेवढाच उजेड. उस्तादने कड ठोकायला सुरुवात केली. ढब्. ढब्. नकली, पातळ पत्रा, पोकळ वाजत होता. शेठना त्या आवाजाने धीर आला. ढब्.

ठक्.

"असंच, शेठ," बाहेरून उस्ताद ओरडला. "आतून असंच धरून ठेवा. आता येतंय बघा जाग्यावर."

शेठनी हातांकडे पाहिलं. दोन्ही हात बाबांच्या खांद्यांवर होते. बाबांचे हात त्यांच्या स्वतःच्या मांडीवर, एकावर एक.

ठक्. उन्हाची पट्टी बारीक झाली. ठक्. सुतळीएवढी झाली. त्या उजेडात दाराची उघडी आतली बाजू दिसत होती, अजून अस्तर न लावलेली. पत्र्याला ठोकळा टेकला होता आणि हातोडीबरोबर सावकाश खाली सरकत होता. ठोकळ्यामागे बोटं होती. लांब. पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये तळहातही शिरणार नाही एवढ्या जागेतून ती आली होती.

शेठनी ओरडायला तोंड उघडलं. कापसाच्या बोळ्यांपलीकडे जाईल एवढा आवाज काढायला हवा होता. तो निघेना.

ठक्. पट्टी मिटली.

"बसलं," बाहेर उस्ताद खुशीत म्हणाला.

अंधारात सीटची स्प्रिंग पलीकडच्या टोकाला करकरली. बाबांनी शेठच्या मांडीवर थोपटलं, गर्दीच्या प्रवासात लहान मुलाला थोपटतात तसं.

"सरक थोडा, ढब्बू," ते म्हणाले. "त्यालाही बसू दे."

शेठ सरकले.